सोळा पेन्सांची वाट

नंदुरबारला शाळेत रुजू झालो तेव्हा राहायला जागा मिळेना. एकट्या पुरुषाला खोली द्यायला लोक कचरत. शेवटी कोणीतरी सांगितलं, "आफ्रिकावालीकडे जा. तिला इंग्रजी येणारा माणूस पाहिजे असतो." मला वाटलं, घरात कोणी शिकणारं मूल असेल.

मूल नव्हतंच. स्टेशनाकडून गावात येणाऱ्या रस्त्याला एक धाब्याचं घर होतं. मधे अंगण, अंगणाच्या दोन बाजूंना भाड्याच्या दोन खोल्या, समोर तिचं स्वतःचं घर. चाळिशीच्या आसपासची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. तिनं माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही.

"इंग्रजी पेपर वाचता येस का?" ती म्हणाली.

"येतो."

"मुंबईना पेपरमा रुप्याना भाव येस ना? तो माले रोज सांगाना. मंग खोली तुम्हनी."

भाडं तिनं नंतर सांगितलं, ते जरा कमीच होतं. गल्लीतली सगळी तिला जिजी म्हणत, मीही म्हणू लागलो. तिच्या पाठीमागे मात्र ती आफ्रिकावालीच होती.

त्या दिवसांत मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयात येई. शाळा सुटली की मी तिथे जाई, व्यापाराच्या पानावर कोपऱ्यातला हुंडणावळीचा आकडा बघे आणि घरी येऊन जिजीला सांगे. एका रुपयाला किती शिलिंग आणि किती पेन्स, एवढाच तो आकडा; बारा पेन्सांचा एक शिलिंग. पहिल्या दिवशी मी जसा छापला होता तसाच वाचून दाखवला: एक शिलिंग, पाच पेन्स, एकोणतीस बत्तिसांश. बत्तीस ऐकून तिच्या हातातलं सूप खाली आलं. मग तो अपूर्णांक आहे, म्हणजे जवळजवळ अठरा पेन्स, असं समजावून सांगावं लागलं. तेव्हापासून मी बत्तिसांश गाळले. अठराच्या जरा वर, अठराच्या जरा खाली, एवढंच सांगायचं. ती "हं" म्हणायची आणि कामाला लागायची.

तिला सोळा हवे होते. तिच्या बोलीत ते 'सोया'. रुपयाचा भाव अठरावरून सोळा पेन्सांवर उतरला की तिचा नवरा मोंबासाहून परत येणार होता.

हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. नवरा शिंपी. लग्नाला तीनचार वर्षं झाली असतील, मूलबाळ नव्हतं, तेव्हा सुरतेच्या एका व्यापाऱ्याबरोबर तो आगबोटीनं मोंबासाला गेला. तिकडे रेल्वेची माणसं होती, दुकानदार होते, साहेब होते, सगळ्यांना कपडे लागत. जिजीनं अडवलं नाही. त्याचं कारण ती मला पुन्हा पुन्हा सांगे. त्या वेळी तिकडे हिंदुस्थानचाच रुपया चालत असे. राजाचं तेच तोंड, तोच आवाज.

"माले वाटनं, तठे आपलाच रुप्या चालस, मंग काय परदेश?"

तिच्या मनात गाव आणि परगाव यांच्यातली सीमा नाण्यावर ठरत होती. जवळच्या खापर गावच्या बाजारात आपला रुपया घेतात, म्हणून खापर आपलं. मोंबासाला घेतात, म्हणून तेही आपलंच, जरा लांब. मग मोठ्या लढाईनंतर सरकारनं तिकडचा रुपया बंद केला आणि शिलिंग आणले. नवऱ्यानं तिकडल्या एका दुकानदाराकडून पत्र लिहवून हे कळवलं, तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही, असं शेजारच्या म्हातारीनं मला सांगितलं. तोवर तिला कोणी आफ्रिकावाली म्हणत नव्हतं.

शिलिंग आल्यावर हिशेबाची भानगड सुरू झाली. रुपया महाग झाला की नवऱ्याच्या शिलिंगांचे रुपये कमी येणार. स्वस्त झाला की जास्त. एका वर्षी तर भाव सोळाच्याही खाली गेला होता. तेव्हा नवऱ्यानं लिहिलं, आणखी उतरेल, थोडं थांबतो. तो थांबला आणि भाव वर गेला. त्यानंतरच्या प्रत्येक पत्रात एकच मजकूर: आत्ता आलो तर इतक्या वर्षांच्या कमाईतला मोठा वाटा बदलण्यातच जाईल, सोळा झाले की लगेच निघतो.

रुपया चढला की सगळ्या जगाला बरं वाटतं, जिजीला धडकी भरायची. त्यामुळे तिची भाषाच उलटी झाली होती. तापाचा माणूस 'चढेल' असायचा, भांडखोर सून 'अठरानी' असायची. एखादा जावई सासुरवाडीला येऊन रुसून बसला की ती म्हणे, "तो अठराना शे, त्याले सोयावर आना." गल्लीतल्या बायकाही नकळत तसंच बोलू लागल्या होत्या. एकदा वर्गात एका मुलानं मला सांगितलं की त्याचा बाप आज अठराचा आहे, म्हणून फी मागता आली नाही. मला समजलं, इतर मास्तरांना समजलं नसतं.

"जे चढस ते आपलं नही," हे तिचं नेहमीचं वाक्य. पतंगाबद्दल म्हणे, तापीच्या पुराबद्दल म्हणे, नव्या फौजदाराबद्दलही म्हणे.

भाव कोण ठरवतो, याविषयी तिची पक्की कल्पना होती. मुंबईत एक साहेब तराजू घेऊन बसतो आणि रोज सकाळी काटा बघून आकडा सांगतो. मी बँका, व्यापार, विलायतेचं सरकार असं बरंच सांगून पाहिलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या सायबाले बायको शे का?"

"असा एक साहेब नसतो, जिजी."

"बायको ऱ्हाती ते त्याले समजतं," ती म्हणाली आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तव्यावर टाकली.

पहिल्याच श्रावणात तिनं तापीकाठच्या प्रकाशा या तीर्थाला जायचं ठरवलं. मलाही तापी बघायची होती, म्हणून तिच्या बैलगाडीत मीही बसलो. केदारेश्वराला अभिषेक करायचा होता. गुरुजींनी पाणी सोडायला सांगितलं आणि संकल्प विचारला. जिजी स्पष्ट म्हणाली, "रुप्या पडू दे."

गुरुजींचा हात थांबला. "बाई, असा संकल्प कोणी करतं का? लक्ष्मी आहे ती."

"ती मन्ही लक्ष्मी नही. मन्हा धनी तिन्हामुये अडकेल शे."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मागे भाविकांची रांग खोळंबली होती. शेवटी गुरुजींनी मध्यम मार्ग काढला. मी 'इष्टकामना' एवढंच म्हणतो, तुमच्या मनात काय ते तुम्ही मनात म्हणा. जिजीला मनात म्हणणं कधी जमलं नाही. गुरुजी संस्कृत म्हणत असताना तिनं पिंडीकडे बघून खणखणीत आवाजात सांगितलं, "महादेवबा, रुप्या पाड." रांगेतल्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं मात्र मनापासून हात जोडले.

तो व्यापारी नंदुरबारचाच होता, मूळचा मारवाडचा. त्यालाही रुपया सोळा पेन्सांवर हवा होता. रुपया महाग झाला की परदेशी गिऱ्हाईकाला आपला कापूस महाग पडतो आणि इथला भाव पडतो, हे त्याचं दुखणं. त्या दिवसापासून शेठ आणि जिजी यांची युती झाली. बाजारात भेटले की ते एकमेकांना रामराम करण्याआधी आकडा विचारत.

पुढे सरकारनं अठराचा भाव कायद्यानं कायम करायचं ठरवलं आणि सोळा की अठरा हा वाद देशभर पेटला. मुंबईहून दोन पुढारी नंदुरबारला आले. कापूस बाजाराच्या पटांगणात सभा झाली. शेठनं जिजीला बोलावणं पाठवलं होतं. हजारभर पागोट्या-टोप्यांत ती एकटी बाई, पुढे जाजमावर मांडी घालून बसलेली. पुढाऱ्यांनी अठरा पेन्स म्हणजे शेतकऱ्याच्या खिशावर दरोडा, असं तासभर समजावून सांगितलं. टाळ्या पडल्या. कोणाला काही शंका, असं विचारलं तेव्हा जिजी उठली.

"दादा, सोया कधी व्हई ते सांगा."

पुढारी प्रेमळ हसले. "भगिनी, ते तुमच्याआमच्या एकीवर अवलंबून आहे."

"म्हंजे तुम्हलेबी ठाऊक नही," ती म्हणाली आणि खाली बसली.

लोक हसले. पुढारीही हसले, पण त्यानंतर त्यांचं भाषण काही रंगलं नाही. सभा संपल्यावर अर्जावर सह्या घेतल्या गेल्या, तिथे तिनं सगळ्यांच्या आधी अंगठा उठवला. घराजवळ आल्यावर फक्त एवढं म्हणाली, "चांगला बोलना. पन त्याना कोनी परदेशमा नही."

दिल्लीत कायदा मंजूर झाल्याची बातमी मी वाचनालयात वाचली. अठरा पेन्स कायम. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा हळू चालत आलो असेन. जिजी म्हशीला पेंड घालत होती.

"काय भाव?"

"अठरा. जिजी, आता अठराच राहणार. सरकारनं कायदा केला."

"किती दिन?"

"कायद्याला दिवस नसतात."

तिनं पेंडीची पाटी म्हशीपुढे सरकवली. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता ही रडेल किंवा साहेबाला शिव्या देईल. तिनं दोन्ही केलं नाही. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर माझ्या दाराशी आली.

"मास्तर, कागद लिहा. लिहा, सोया नि अठराना मझारला जो फरक शे, तो मी भरसू. तुम्ही या."

"जिजी, दर पौंडामागे दीड-पावणेदोन रुपये पडतील. त्यांनी किती साठवलंय कोणास ठाऊक. तू कुठून भरणार?"

"ते मी देखसू. तुम्ही लिहा."

तिनं सांगितलं तेवढंच मी लिहिलं. कुशल-मंगल घालू का विचारलं, तर म्हणाली, "नको. मंग धनी तेच वाचतीन."

पत्र गेलं. जिजीनं दुसरी म्हैस घेतली. ती दूध घरोघर पोचवू लागली, मिरचीच्या हंगामात शेठच्या वखारीत देठ खुडायला जाऊ लागली. गंमत अशी की त्यानंतर तिनं मला भाव विचारणं बंद केलं. मी सवयीनं काही दिवस सांगत राहिलो. मग मीही सोडलं. मोंबासाहून उत्तर आलं नाही. पावसाळा गेला, हिवाळा गेला. पूर्वी दोनतीन महिन्यांनी एक पत्र यायचं, तेही बंद झालं. गल्लीतल्या बायका कुजबुजत, तिकडे दुसरी असेल. जिजीच्या कानावर ते जात असावं. ती दुधात पाणी घालत नसे आणि बोलण्यात दुधाचा विषय सोडून दुसरा काढत नसे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एका सुट्टीच्या दिवशी, मी अंगणात दाढी करत होतो. फाटकाशी एक वाकलेला माणूस उभा होता. डोक्यावर काळी टोपी, अंगात इस्त्री मोडलेला पांढरा कोट. मागे हमालाच्या डोक्यावर पत्र्याची पेटी आणि पोत्यात गुंडाळलेलं शिवणयंत्र.

"आठे... आठेच ना?" त्यानं मला विचारलं. पुढे नाव घेईना. मला कळलं.

मी हाक मारायच्या आधीच जिजी गोठ्यातून बाहेर आली होती. तिचे हात कोपरापर्यंत शेणानं भरले होते. हमालानं ओझं उतरवलं तरी कोणी हललं नाही.

"भाव काय शे?" जिजीनं विचारलं.

तो गोंधळला. "कसाना भाव?"

तो ओट्याच्या कडेला टेकला आणि जमिनीकडे बघत सांगू लागला. ज्या सुरतेच्या व्यापाऱ्याकडे त्यानं सगळी कमाई ठेवली होती, त्याचं दिवाळं निघालं होतं. त्यालाही आता काही वर्षं झाली होती. तो अहिराणी बोलत होता, पण मधेच गुजराती शिरत होती आणि एखादा शब्द आम्हाला कोणालाच कळत नव्हता.

"मंग सोया सोया कसाले लिखं?" जिजी म्हणाली.

"दुसरं काय लिखू?" तो म्हणाला. "मंग तुन्हा कागद उना. फरक भरसू म्हने. फरक कसाना? तठे काहीच नव्हतं. त्या कागदले काय जबाब देऊ? म्हनीसन मीच उनू."

जिजीनं हौदावर जाऊन हात धुतले. नीट, कोपरापर्यंत, दोनदा. मग पदराला पुसत परत आली.

"आते कोनताबी भाव ऱ्हावो," ती म्हणाली. माझ्या समोरच्या खोलीकडे बोट दाखवून पुढे म्हणाली, "ती खोली रिकामी शे. महिनाले तीन रुप्या."

ती खोली एका रेल्वेच्या माणसानं नुकतीच सोडली होती. नवऱ्यानं मान हलवली आणि पेटी उचलली. दुपारी तिनं त्याच्या दारात जेवणाचं ताट ठेवलं. वाटीत मिरचीचा ठेचा होता, पण लोणकढं तूप तिनं आवर्जून वाढलं होतं. मी लांबून पाहिलं.

अशा रीतीनं जिजीचा नवरा माझा शेजारी झाला. स्वभावानं गरीब, अबोल माणूस. सकाळी दारात यंत्र मांडून बसे. डोळे मंदावले होते. सुईत दोरा ओवायला अंगणात खेळणाऱ्या कोणा पोरीला हाक मारी. गल्लीतली परकर-कुडती शिवून मिळेल ते घेई आणि महिन्याच्या महिन्याला तीन रुपये जिजीच्या ओट्यावर नेऊन ठेवी. ती ते उचलून कनवटीला लावी. गावात याची फार चर्चा झाली. शेठ एक दिवस मुद्दाम समजूत घालायला आला.

"जिजी, घरधन्याकडून किराया? आ कांई बात हुई?"

"सरकारनी अठरा ठरावं, मी तीन ठरावं," ती म्हणाली. "ठरेल भाव हालस का, शेठ?"

शेठ पागोटं सावरत निघून गेला. त्याचा स्वतःचाच अठरा हलला नव्हता.

मला तिचा राग समजत होता असं मी म्हणणार नाही. ती चिडलेली दिसतच नसे. त्याच्या खोकल्याला ओवा भाजून देई, पावसात त्याच्या खोलीचं धाबं गळलं तर स्वतः वर चढून माती घाली. भाडं मात्र घेई. तोही देई. दोघं एकमेकांशी बोलत ते कामापुरतं, आणि मधे नेहमी अंगण असे.

असं वर्ष गेलं. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया आली. खान्देशात आखाजी म्हणजे बायकांचा सण. माहेरवाशिणी येतात, झाडांना झोके बांधतात. सणाच्या आदल्या आठवड्यात मी पाहिलं, शिंपी हिरव्या खणाची चोळी शिवत होता. खण चांगला होता, गिऱ्हाइकाचा वाटला नाही.

"कोणाची?" मी विचारलं.

त्यानं फक्त समोरच्या घराकडे पाहिलं.

"माप घेतलंत?"

"माले ठाऊक शे," तो म्हणाला.

चोळी त्यानं घडी घालून, भाड्याच्या रुपयांबरोबर ओट्यावर ठेवली. थोड्या वेळानं जिजी ती दोन हातांत ताणून धरत बाहेर आली. ती चांगली चार बोटं लहान होती.

"ही कोनता सालना मापनी?"

शिंप्यानं चोळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. बहुधा आल्यापासून पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं असावं. "आन, उसवी देस," तो पुटपुटला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि आत गेली.

आखाजीच्या सकाळी ती तीच चोळी घालून आली. दोन्ही बगलांत तिनं स्वतः जुन्या लाल लुगड्याच्या पट्ट्या जोडल्या होत्या. शेजारच्या निंबाला झोका बांधला होता, तिकडे ती निघाली होती. शिंपी दारात बसला होता. ती समोरून गेली तेव्हा त्याच्यातला कारागीर गप्प बसेना.

"टाका वाकडा शे," तो म्हणाला.

जिजी थांबली. वळली. त्याच्या ओट्याजवळ येऊन उभी राहिली.

"मंग माप ल्या, आनि नीट करा."

गल्लीत बायका जात-येत होत्या. त्यानं गळ्यातली टेप काढली. टेपेचं टोक एकदा निसटलं. ती हात जरा बाजूला धरून, दुसरीकडे बघत, ताठ उभी होती. आकडा त्याला दिसेना. टेप डोळ्यांजवळ नेऊन त्यानं तो वाचला, मग पुन्हा मापलं. मी माझ्या खोलीत गेलो आणि दार लोटून घेतलं.

चोळी नीट झाली की नाही, मला माहीत नाही. पुढच्या पहिल्या तारखेला मी भाडं द्यायला गेलो, तेव्हा शिवणयंत्र जिजीच्या ओसरीत मांडलेलं होतं. तिनं माझे पैसे घेतले, कनवटीला लावले आणि म्हणाली, "मास्तर, ती खोली आते रिकामी शे. कोनी चांगला मानूस ऱ्हई ते सांगज्यात."